नुसता मार्गदर्शक देऊन भागणार नाही
अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय परिचारिकांना संशोधनात आणायचं तर अनुभवी मार्गदर्शक द्या, असं एका लेखात म्हटलंय. पटतं, पण घोडं अडतं ते वेळेवर. १२ तासांची पाळी करून प्रस्ताव लिहून होत नाही. रुग्णालयाने आठवड्यातला एक दिवस लेखी मोकळा द्यावा आणि त्या पाळीला बदली नर्सही नेमावी. नाहीतर वॉर्डात माणसं कमी पडली की पहिला बळी त्याच दिवसाचा जातो.

पीएचडीसाठी एनआयएचची (आरोग्य संशोधनाला पैसा देणारी अमेरिकेची सरकारी संस्था) एफ-३१ फेलोशिप आहे. अर्जात उद्दिष्टांना एकच पान, संशोधन आराखड्याला सहा. ते एक पान मुदतीच्या चार महिने आधी विभागाबाहेरच्या दोघांकडून वाचून घ्यावं, कारण परीक्षकाचं मत बहुतेकदा तिथेच बनतं. पीएचडीनंतर शैक्षणिक कर्ज उरलंच, तर एनआयएचच्या कर्जफेड योजनेत वर्षाला ५० हजार डॉलरपर्यंत मिळू शकतात. अट आठवड्याला सरासरी २० तास संशोधनाची.

निवड समित्यांकडेही बघायला हवं. एनआयएचच्या अनुदानांवरच्या अर्थतज्ज्ञ डोना गिंथर यांच्या २०११ च्या अभ्यासात शिक्षण, प्रकाशनं हिशेबात धरूनही कृष्णवर्णीय अर्जदारांना अनुदान मिळण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा १० टक्के-बिंदूंनी कमी निघाली. बाळंतिणींचे मृत्यू, वस्तीतला रक्तदाब हे प्रश्न या परिचारिका रोज हाताळतात. 'विषय फार मर्यादित' असा शेरा मारून ते बाजूला सारणं आधी थांबवा.