वजनानं चालतं

आज सकाळी बायकोच्या मावशींकडून एक व्हिडिओ आला. अकरा सेकंदांचा. एक गृहस्थ गोट्यांच्या फरसबंदीवरून चाचपडत पुढे येतात, पांढऱ्या बाकावर टेकतात आणि पुढच्याच क्षणी जमिनीतून पाण्याच्या पिचकाऱ्या उडून दिसेनासे होतात. खाली मावशींची ओळ : 'हसून हसून पोट दुखेल, जरूर बघा.' गृहस्थ मी आहे. मावशींनी ओळखलेलं नाही.

जागा पीटरहॉफ. सेंट पीटर्सबर्गहून बोटीनं गेलं की फिनलंडच्या आखातावर रशियाच्या झारांचा हा राजवाडा लागतो. खाली शेकडो एकरांचा बाग, त्यात दीडशेच्या आसपास कारंजी. परदेशी माणसाला तिकीट जास्त होतं. यावर बोंब मारायला मी तोंड उघडलं होतं, पण ताजमहालाच्या खिडकीवर आपण गोऱ्यांचं काय करतो ते आठवलं आणि मिटलं.

आमच्या सहलीत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका होते. सगळे बायबलमधल्या बलदंड सॅमसनच्या सोनेरी पुतळ्याचे फोटो काढत होते. तो सिंहाचा जबडा फाडतोय आणि जबड्यातून 20 मीटर उंच धार उडतेय. सिंह म्हणजे 1709 साली पोल्ताव्याच्या लढाईत रशियाकडून मार खाल्लेला स्वीडन. आधीचा पुतळा दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी पळवला, हा 1947 चा. गाइड हे जीव तोडून सांगत होती आणि काकांचा एकच प्रश्न : "पंपहाउस कुठंय?"

पंप नाहीच, ती म्हणाली. 1721 पासून पाणी वीसेक किलोमीटरवरच्या उंच भागातल्या झऱ्यांवरून नुसत्या उतारानं येतं.

काकांनी चक्क डोळे मिटून हात जोडले. "कात्रजचं पाणी पेशव्यांनी शनिवारवाड्यात आणलं ते असंच," ते मला म्हणाले. तिथून पुढे अर्धा तास विसर्ग, गळती, गाळ. आमच्या सोसायटीत वरची टाकी भरायला वॉचमनला दोनदा उठवावं लागतं, हे मी सांगून पाहिलं. काकांनी ते खालच्या दर्जाचं पाणी समजून सोडून दिलं.

मग आलं ते ठिकाण. हा राजवाडा उभारणाऱ्या झार पीटर द ग्रेटला पाहुण्यांना भिजवायची भारी हौस. समुद्रकाठच्या त्याच्या लाडक्या मोंप्लेझीर वाड्याच्या बागेत दोन बाकं आहेत, पुढे गोट्यांची फरसबंदी. पाहुणा बाकाकडे निघाला की गोट्यांमधून पाणी. हाच राजा मेजवानीला उशिरा येणाऱ्याला गरुडाचं चित्र असलेला अवाढव्य पेला सक्तीनं प्यायला लावायचा, तेव्हा पाण्यावर सुटणारा नशीबवान म्हणायचा. पण मी म्हणतो, तीनशे वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाची चेष्टा अजून आपल्या अंगावर का?

रशियन पोरं गोट्यांवर नाचत होती. कुठल्या दगडावर पाय दिला की पाणी उडतं, याचा शोध. काका म्हणाले, "थांबा, पाहणी करून येतो," आणि बाकरवडीचा पुडा काखोटीला मारून झाडीमागे गेले. दहा मिनिटांनी परतले ते साहेबी चेहऱ्यानं.

"तो चपटा दगड दिसतोय? तिसऱ्या ओळीतला. सगळी मेख तिथं आहे."

"मग पोरं नाचतायत त्यावर, काही होत नाही ते?"

"पोरांचं वजन किती? आता तुमच्यासारखा माणूस..."

"माझ्यासारखा म्हणजे?"

"अहो, राग नको. लोड टेस्टला भरीव माणूस लागतो. पाय द्या, थांबा, काही झालं नाही तर बाकावर बसा. मी नोंद करतो." मोबाइल काढून ते लांब जाऊन उभे राहिले.

मी पाय दिला. काही नाही. उडी मारली. काही नाही. आजूबाजूच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. विजयी मुद्रेनं बाकावर बसलो आणि आवर्तन सुटलं. ऑगस्ट होता, पण तिथला ऑगस्ट म्हणजे आपला डिसेंबर. स्वेटर, पाकीट, खिशातला पासपोर्ट, सगळं ओलिताखाली.

"बघा," काका म्हणाले, "वजनानं चालतं."

तेवढ्यात एका पोरानं माझी बाही ओढून झाडीकडे बोट दाखवलं. तिथं एक हिरवं खोकं, आत खुर्चीवर माणूस, हात पाण्याच्या चावीवर. "काका, दगडबिगड काही नाही! तिथं माणूस बसलाय!" मी ओरडलो.

काकांनी शांतपणे मान डोलावली. "पाटकरी तो, पाणी सोडणारा. कालव्याच्या प्रत्येक चारीवर असतो."

खरा अपमान पुढे. राजवाडा आतून बघायची वेळ झाली तेव्हा टूर मॅनेजरनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "सर, आत जुनी लाकडी जमीन आहे. तुम्ही टपकताय. तुम्ही बाहेरच थांबाल का? म्हणजे पर्साही सांभाळल्या जातील." सात पर्सा, दोन छत्र्या आणि एका आजींची वॉकर घेऊन मी तासभर कुडकुडत उभा होतो. राजानं भिजवलं, आणि भिजलो म्हणून राजाच्या घरात प्रवेश नाही. पैसे पूर्ण. परत आल्यावर मी ईमेल केला, उत्तर आलं : आपल्या अभिप्रायाबद्दल आभार.

काका बाहेर आले. काय पाहिलंत, विचारलं. "सोनंच सोनं. छताला कुठं ओल नाही."

तर व्हिडिओ. आज पहिल्यांदाच आवाज मोठा करून पाहिला. मी बाकावर टेकतो, त्याआधी अर्धा सेकंद काकांचा आवाज येतो, "हं, आता!" आणि हे मला उद्देशून नसावं, कारण मी आधीच खाली वाकलो होतो. चित्र थांबवून बोटांनी मोठं केलं. डाव्या कोपऱ्यात झाडी, झाडीत हिरव्या खोक्याची खिडकी. खिडकीत एक हात चावीवर. दुसऱ्या हातात बाकरवडी.