वकिलाशिवायही खरेदीखत रजिस्टर होतं, वकील सक्तीचा आहे हा मेसेज चुकीचा आहे

आमच्या रत्नागिरीकडच्या गावाच्या ग्रुपवर दोन दिवस मेसेज फिरतोय की आता वकील लावल्याशिवाय जमिनीचं खरेदीखत रजिस्टरच होणार नाही. असं काही नाहीये मंडळी. नोंदणी कायदा 1908 चा आहे, त्यात वकिलाची सक्ती कुठेच नाही, दस्त स्वतः लिहून आणला तरी चालतो, स्टॅम्प ड्युटी भरलेली हवी, ओळख पटवणारे साक्षीदार हवेत आणि सह्या झाल्यापासून 4 महिन्यांत तो दुय्यम निबंधकाकडे न्यायचा.

पण म्हणून वकील नकोच असं नाही हां. दस्त रजिस्टर झाला म्हणजे मालकी पक्की असं नसतं, आणि आपल्याकडचा सातबारा म्हणजे 20-25 सहहिस्सेदार, अर्धे मुंबईला, कुणाची वारस नोंदच नाही, इतर हक्काच्या रकान्यात कूळ, म्हणजे जमीन कसणाऱ्याचं नाव. माझ्या काकांनी विकणाऱ्यांपैकी एकट्या भावाची सही घेऊन कलमांची बाग घेतली, त्याच्या बहिणींचा हिस्सा राहिलाच, अजून कोर्टात तारखा चालू आहेत. बाहेरच्याकडून घेताय तर 30 वर्षांचा सर्च, म्हणजे जमिनीच्या जुन्या दस्तांची तपासणी, वकिलाकडून कराच. सक्ती मात्र मला पटत नाही, सख्ख्या भावाभावांत घराचा हिस्सा विकायचा तर गरिबाने फी कुठून आणायची?