गुणपत्रिका आणि आत्मविश्वास : एका प्रतिक्रियेला उत्तर

इतक्या स्पष्ट आणि सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आपले आभार. सरकारी शाळांतील मुलींच्या आत्मविश्वासावरील माझ्या लेखाला आपले दोन आक्षेप आहेत : परीक्षेत मुली मुलांच्या बरोबरीने, कित्येकदा पुढेही असताना हा प्रश्न उरतोच कुठे, आणि आत्मविश्वास ही घरच्या संस्कारांची बाब असताना, आधीच खच्चून भरलेल्या वर्गांवर तिचे ओझे कशाला?

पहिला आक्षेप मला पटत नाही. 2012 सालच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत, गणितात सारखीच कामगिरी असलेल्या मुला-मुलींची तुलना केली तरी मुलींना गणिताची धास्ती अधिक आणि स्वतःच्या क्षमतेची खात्री कमी असल्याचे दिसले. वर्गातही तेच दिसते. वहीत अचूक उत्तर लिहिलेली मुलगी हात अर्धाच वर करते, उत्तर शेजारणीच्या कानात कुजबुजते, शेजारीण ते मोठ्याने सांगते आणि शाबासकी तिला मिळते. गुणपत्रिकेत या मुलीचे काहीच उणे नसते. मात्र पुढे अवघड समजला जाणारा विषय निवडायची वेळ आली की ती आपणहून माघार घेण्याची शक्यता वाढते.

घराचा वाटा मी नाकारत नाही. पण 2017 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अमेरिकेतील अभ्यासानुसार, ‘अतिशय हुशार’ कोण, या प्रश्नावर पाच वर्षांच्या मुली मुलांइतक्याच सहजपणे आपल्यातल्याच कुणाकडे बोट दाखवतात. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये हे प्रमाण घसरलेले असते. याचे खापर एकट्या शाळेवर फोडता येणार नाही, परंतु हा समज ज्या वयात रुजतो त्या वयात मूल शाळेत बसलेले असते, हे कसे विसरायचे?

आणि यासाठी वेगळा तास लागतच नाही. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात दाखवून दिले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. हीच वेळ तीन सेकंदांवर नेली की उत्तरे सविस्तर येतात आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. उत्तर आधी सगळ्यांनी लिहायचे आणि मग शिक्षकांनी नाव घेऊन विचारायचे, एवढ्यानेही चित्र पालटू शकते. चुकलेल्या उत्तरावर वर्ग हसला तर ते हसू तिथल्या तिथे थांबवणे मात्र मी अत्यावश्यक मानते, कारण एकदा हशा झाला की ती मुलगी कित्येक दिवस तोंड उघडत नाही.

साठ जणांच्या वर्गात प्रत्येकीला रोज बोलायला मिळणार नाही, हे आपले म्हणणे खरेच आहे, आणि शिक्षकांवरची शिकवण्याबाहेरची कामे कमी व्हावीत याबाबत आपल्यात दुमत नाही. तरीही बोललेल्या मुलांच्या नावापुढे रोज एक खूण केली, तर आठवडाभर गप्प राहिलेली मुलगी निदान आठवड्याच्या शेवटी शिक्षकांच्या लक्षात येते.