"डायबेटिस आहे ना तिला, मग साखर कशाला?"

रविवारपासून हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. वॉटर पार्कच्या गेटवर टेबल टाकून बसलेल्या बाईने माझी पिशवी त्या टेबलावर उलटी केली आणि वर माझ्या लेकीबद्दल हे विचारलं. ग्लुकोज पावडरचा डबा, ज्यूसचे दोन छोटे पॅक, पाच रुपयांचा बिस्किटपुडा, एक केळं, मोजून केलेल्या दोन पोळ्या आणि भेंडीची भाजी. सगळं मांडून ठेवलं, जणू मी दारू आत न्यायला निघाले होते. मागे रांग आणि रांगेतून "ओ ताई, आवरा ना लवकर".

मी सांगितलं. हात जोडून सांगितलं. टाइप वन डायबेटिस आहे, म्हणजे अंगात इन्सुलिन बनतच नाही, साडेचार वर्षांची असल्यापासून ते टोचून घेते. पाण्यात तासभर दंगा केला की शुगर झपकन खाली येते. टोचलेलं इन्सुलिन शुगर उतरवतच राहतं, परत काढून घेता येत नाही, वरून साखर घालावी लागते. 70 च्या खाली गेली की 15 ग्रॅम साखर, 15 मिनिटं थांबायचं, परत बोट टोचून बघायचं. साखर हे तेव्हा तिचं औषध असतं, बाई! डॉक्टरांचं पत्र दाखवलं तर म्हणे तारीख मागच्या वर्षीची आहे. म्हणजे वर्षभरात बरी झाली असेल असं वाटलं का तुम्हाला? "आत फूड कोर्ट आहे, सगळं मिळतं." टोकन हातात दिलं आणि माझ्या पोरीचं औषध टेबलाखालच्या क्रेटमध्ये गेलं.

तेव्हाच परत फिरायला हवं होतं. पण सोसायटीतली सगळी पोरं नाशिकच्या इंदिरानगरहून एका गाडीने आलेली, तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत आणि लेक कॉस्च्युम घालून टुणटुण उड्या मारत उभी. गेले आत.

आत पहिल्याच घसरगुंडीवर शिट्टी. दंडावरचा शुगर मोजणारा सेन्सर काढून ठेवा म्हणे, "मशीन लावून पाण्यात चालत नाही". अहो, ते घड्याळ नाही काढून खिशात ठेवायला! चौदा दिवस चालतो तो, एकदा उपटला की कचऱ्यात. पाण्यात चालतो म्हणूनच तर पोटाला चिमटा काढून घेतो आम्ही. रांगेतली सगळी माणसं तिच्या दंडाकडे बघायला लागली. तिने हळूच टॉवेल खांद्यावरून ओढून घेतला. मे महिन्यात, भर उन्हात, ओला टॉवेल पांघरून उभी होती माझी पोर.

आणि ते लॉकर! पत्र्याचे, थेट उन्हात. हात लावला तर चटका बसत होता. वापरातलं इन्सुलिनचं पेन 30 अंशांच्या वर ठेवायचं नसतं. लाइट गेली की आमच्याकडे ते मडक्यात ठेवतात. ते मी त्या भट्टीत ठेवू? पण पिशवी पाण्याजवळ नेता येणार नाही म्हणे. मग दिवसभर मी गार पाऊच पोटाशी धरून एका झाडाखाली बसले.

दोनच्या सुमारास ती माझ्याकडे आली आणि काही न बोलता मांडीवर डोकं टेकलं. ओठ पांढरे, मानेवर घाम, बोटं थरथरत होती. टोचून बघितलं तर 58. तिला मैत्रिणीच्या आईकडे सोपवून पळत फूड कोर्टला गेले. काउंटरवरचा पोरगा म्हणतो, रोख चालत नाही, कार्ड रिचार्ज करून आणा. रिचार्जची खिडकी पलीकडच्या टोकाला आणि तिथे वीस-पंचवीस माणसं उभी. मी ओरडले. काय बोलले ते मलाही नीट आठवत नाही. शेवटी बाजूच्या टेबलावरच्या एका काकांनी आपली आंब्याच्या ज्यूसची बाटली उचलून माझ्या हातात दिली, एक शब्द न विचारता. पंधरा मिनिटांनी 84 आली. माझे दोन पॅक तेव्हा गेटवरच्या क्रेटमध्ये पडून होते, शंभर पावलांवर. शंभर पावलांवर!

मला संताप याचा येतो की हे कुणाला ठाऊक नाही असं नाही. सीबीएसईने 2017 मध्ये बोर्डाच्या परीक्षेला टाइप वनच्या मुलांना शुगरच्या गोळ्या, फळं, सँडविच हॉलमध्ये न्यायची मुभा दिली. जिथे कॉपीच्या भीतीने पोरांना झडती घेऊन आत सोडतात, तिथे चालतं, आणि पाण्यात डुंबायला चालत नाही? 2023 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने थिएटरवाल्यांना बाहेरचं खाणं अडवायचा हक्क दिला, पण पिण्याचं पाणी फुकट द्यायचं आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवायचं नाही, हेही त्यातच आलं. बाळाची भूक कळते, मग दहा वर्षांच्या पोरीची उतरलेली शुगर का कळू नये?

"अपंगाचं कार्ड आहे का?" हेही विचारलं गेटवर. नाही! 2016 च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल हे रक्ताचे आजार त्यात आहेत, टाइप वन नाही. आणि कार्ड असून तरी काय? आमच्या ऑफिसातल्या सुरगाण्याच्या दादांच्या मुलाला सिकल सेल आहे. गार पाण्यात फार वेळ राहिला किंवा अंगातलं पाणी कमी झालं की हाडं दुखून रडतो तो. त्याला दर अर्ध्या तासाने बाहेर काढून कोरडं करून पाणी पाजायला सावलीत एक बाक लागतो, बस. तो बाक त्यांना पैसे मोजून भाड्याने घ्यावा लागला.

शाळेचंही तेच. वर्गात दोन बिस्किटं खाल्ली म्हणून डायरीत लाल शेरा. 14 नोव्हेंबरला बालदिन आणि जागतिक मधुमेह दिन एकाच दिवशी येतो. त्या दिवशी वर्गात चॉकलेटं वाटली आणि हिला वगळलं, "तुला चालत नाही ना". चालतं हो! त्या हिशोबाने इन्सुलिन घेते ती. आणि लग्नाकार्यात भेटणाऱ्या समस्त मावश्या-आत्यांनो, मी तिला लहानपणी गोड भरवलं म्हणून हे झालेलं नाही. तिच्या शरीराने स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्या. सहा वर्षं झाली सांगतेय, अजून किती वेळा सांगू?

संध्याकाळी टोकन देऊन क्रेटमधून सामान परत घेतलं. भाजी विटलेली, केळं काळं पडलेलं, बिस्किटांचा चुरा. गेटवरची बाई म्हणाली, "बघा, सगळं आहे ना, मोजून घ्या."

गाडीत लेक खिडकीशी बसली होती. द्वारका सर्कलच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, पुढच्या वेळी ज्यूस माझ्या टॉवेलमध्ये गुंडाळू. टॉवेल उघडून बघत नाहीत ते, मी बघितलंय."