खुलासा: जुन्या लष्करी गाड्यांच्या लाइट स्विचचा खटका

आपल्या सोलापुरातल्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर सध्या एक फोटो फिरतोय. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीप आणि ट्रकच्या डॅशबोर्डवर, लाइटच्या नॉबला लागूनच एक छोटं बटण आहे. 'गाडी शत्रूच्या हाती लागली तर चालवता येऊ नये म्हणून हे गुप्त कुलूप,' असं खाली लिहिलंय. आठवड्यापूर्वी मीही तो पुढे पाठवला. ते चुकलं, माफ करा.

परवा अक्कलकोट रस्त्यावरच्या एका गॅरेजात तशाच जीपमध्ये बसून स्वतः करून पाहिलं. नॉब ओढला की पहिल्या टप्प्यावर फक्त मिणमिणते ब्लॅकआउट दिवे (शत्रूला दुरून दिसू नयेत असे) लागतात. पुढे नॉब हलतच नाही. बाजूचं बटण दाबून ओढला, तरच हेडलाइट लागतात. अंधारात, घाईत, हातमोजे घातलेल्या ड्रायव्हरकडून चुकून हेडलाइट लागू नये, वरून विमानाला ताफा दिसू नये, एवढ्यासाठीच हा अडसर. जीपच्या १९४४ च्या तांत्रिक पुस्तिकेतही हे बटण लाइट स्विचचाच भाग म्हणून दिलंय. इंजिन सुरू होण्याशी त्याचा संबंध नाही. उलट युद्धकाळात नंतर बनलेल्या जीपना तर इग्निशनची चावीसुद्धा नव्हती, नुसता फिरवायचा खटका होता. कुणालाही गाडी लगेच काढता यावी म्हणून.

ज्या चालकांनी हेडलाइट न लावता रात्र-रात्र ताफे नेले, त्यांच्या जिवासाठी केलेली ही सोय आहे. तेव्हा तो 'गुप्त कुलूप'वाला फोटो कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.