माझा बोकड गाभण आहे

शनिवारी किरकोळ रजा टाकून आटपाडीच्या बाजारात बोकड विकायला गेलो आणि गाभण म्हैस घेऊन परत आलो. कागदोपत्री. प्रत्यक्षात टेंपोत तोच काळा उस्मानाबादी बोकड माझ्या पिशवीचा बंद चघळत उभा होता, आणि टेंपोवाल्यानं परतीचंही पुरं भाडं घेतलं.

झालं एवढंच की दारावरच्या पोरानं बोकडाच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचे १२ आकडे मोबाइलवर घातले. मोबाइलकडं बघितलं, बोकडाकडं बघितलं, परत मोबाइलकडं.

"गुरुजी, ही म्हैस हाय. मुऱ्हा. ७ म्हैन्यांची गाभण."

"अरे, बोकड आहे हा!"

"दिसतंय की मलाबी. पन हितं म्हैस हाय."

शेजारी एक आजोबा बशीत चहा ओतून फुंकत उभे होते. त्यांना काही विकायचं नव्हतं, काही घ्यायचं नव्हतं. दर शनिवारी नुसता बाजार बघायला येतात म्हणे. त्यांनी बशी माझ्या हातात दिली (का, ते अजून कळलेलं नाही) आणि उकिडवे बसून बोकडाच्या पोटावरनं हात फिरवला.

"पोट उतरलंय खरं."

"आजोबा, सकाळी मका खाल्लाय त्यानं. खाली बघा की जरा!"

त्यांनी वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग उठून गुडघे झटकत म्हणाले, "खाली हाय ते हाय, गुरुजी. पर बिल्ला वर हाय."

एव्हाना पंधरा-वीस माणसं जमली होती. आजोबांना चेव आला. "मी म्हनतो, म्हशीच्या भावानं का इकत न्हाई तुमी? लाखाला जाईल!"

"घेणार कोण?"

"जो मोबाइल बघून घेतो, त्यो!" असं म्हणून त्यांनी बशी परत घेतली. चहा गार झाल्याचा ठपकाही माझ्यावरच. मग गाडी जुन्या काळावर गेली. त्यांची दीडशे मेंढरं होती, एकूण एक नावानं हाक मारली की यायची; कानाला कातर मारली की झाली ओळख. "आपल्या आटपाडीच्या सर्जा मेंढ्याला ७० लाखाला मागितला, तवा गिऱ्हाइकानं काय बघितलं? बिल्ला? नाक बघितलं, नाक!" माडग्याळ जातीच्या मेंढ्याचं पोपटासारखं बाकदार नाक त्यांनी स्वतःच्या नाकावर बोट ठेवून करून दाखवलं. लोक हसले. मी नाही हसलो.

नियमाशी माझं भांडण नाही. १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावर विकता येत नाही, हे ऐकून मीच पहिल्या आठवड्यात बोकडाला दवाखान्यात नेलं. पकडीनं कटकन बिल्ला बसला तेव्हा तो माणसासारखा ओरडला. घरी येऊन हळद मीच लावली. लाळ्या-खुरकत, शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर असले रोग गोठेच्या गोठे आडवे करतात. कुठल्या जनावराला कधी लस टोचली, ते कळायला नंबर हवाच. पण नंबराखाली काय लिहायचं, ते लिहिताना समोरच्या जनावराकडं एकदा बघायला काय लागतं? आणि माझ्या बोकडाच्या नावावर म्हैस असेल, तर कुणा बिचाऱ्याच्या मुऱ्हा म्हशीच्या नावावर बोकड असणार. उद्या वीज पडून ती मेली, तर त्याला भरपाई मिळणार ती बोकडाची. चुकणारा चुकून मोकळा. टेंपोचं भाडं माझं, रजा माझी.

सोमवारी दवाखान्यात गेलो. ज्यानं नोंद केली तो ट्रेनिंगला गेलाय, आणि दुरुस्ती म्हणे त्याच्याच लॉगिनमधून होते. तिथल्या भल्या माणसानं आवाज बारीक करून दुसरा मार्ग सांगितला. "हा बिल्ला काढू, नवा मारू. फक्त म्हैस मेली असं दाखवावं लागंल."

"दाखवा की मग!"

"तसं न्हाई गुरुजी. गाभण म्हैस हाय. पंचनामा पायजे. दोन साक्षीदार आना."

बोकड तेव्हा त्यांच्या टेबलावरचं रजिस्टर कोपऱ्यातनं खात होता.

एक साक्षीदार म्हणून बायको तयार आहे. दुसऱ्यासाठी शनिवारची वाट बघतोय. येताना आजोबांना चहा पाजावा लागेल. गरम.