नासधूस करायची ती करायचीच, निदान खा तरी!

आज सकाळी परत तेच. माकडांनी पडवळाचा अख्खा मांडव आडवा केलेला. एक फळ धड खाल्लेलं नाही, नुसते शेंडे ओरबाडून चुरगाळून टाकलेले. पडवळाला आधी नर फुलांचे घोस येतात, मादी फूल उशिरा आणि एकेकटं. ते कुठे आत्ता धरायला लागलं होतं, बोटाएवढी कोवळी पडवळं लोंबत होती. म्हणे फुटवे येतील. येतील हो, बगलेतून येतील! पण ते फुलावर येईस्तोवर मृग लागतो, आणि पावसात फळमाशी एक पडवळ सोडत नाही. उन्हाळी पीक गेलंच.

वर सल्ले. "झटका मशीन लावा ना!" लावलंय, कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारं! एकच तार ताणून माकडाला काही होत नाही. ते सुक्या लाकडी खांबावरून येतं, जमिनीला पाय टेकत नाही, तर झटका बसणार कसा? एक तार झटक्याची, एक अर्थिंगची म्हणजे जमिनीत पुरलेल्या सळईला जोडलेली, अशा आलटून पालटून हव्यात, दोन्हींना एकदम हात लागला पाहिजे. त्यात चैत्रात जांभ्याची जमीन अशी ठणठणीत कोरडी पडते की अर्थिंगची सळई पुरूनही न पुरल्यासारखीच. तिच्याभोवती कोळसा-मीठ भरा, वर पाणी ओता. विहीर तळाला गेलेली, वेलांना तांब्याने मोजून पाणी आणि लोखंडाला बादली! एवढं करून फणसाची एखादी फांदी कुंपणाकडे झुकलेली राहिली, की टोळी तारेवरून थेट आत. आत आली की कुयऱ्यांना एकेक चावा घेऊन फेकायच्या, शहाळी पाडायची. रात्री डुकरं सुरणाची आळी उकरतात ते वेगळंच.

"मग जाळं टाका." नायलॉनचं जाळं ढिलं, जमिनीवर लोळत सोडतात लोक, आणि त्यात धामण अडकते. डोकं घुसलं की खवल्यांमुळे तिला मागे येता येत नाही, उन्हात तडफडून मरते. उंदीर खाणारी धामण मारून भाजी राखायची? जाळं ताणून, जमिनीपासून वीतभर वर बांधा रे!

आणि घाटात गाड्या थांबवून बिस्किटं वाटणारे पुण्यवान! पिशवी दिसली की अंगावर धावून येणारी माकडं फटाक्याला भितील? मग हेच लोक आम्हाला सुनावतात, "तुम्हीच त्यांच्या जंगलात घुसलात." परसू आहे हे, घराच्या मागचं! काचेतून पुडे फेकणाऱ्यांना आधी दंड करा, मग या सांगायला.